जुना पत्र्याचा कूलर भंगारात देण्याआधी

प्रश्न अकोल्याच्या एका ताईंचा आहे. घरी बारा वर्षांचा पत्र्याचा खिडकी-कूलर. मागच्या जूनपासून गॅलरीत ताडपत्रीखाली पडून होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लावला, तर पंखा नुसता घूं करतो, फिरत नाही. काडीने ढकलून सुरू केला की थोड्या वेळाने मासळीसारखा वास येतो. आणि एवढं करून खोली गार होतच नाही, उलट अंग चिकचिकतं. मुलगा म्हणतो, भंगारात द्या, हप्त्यावर एसी घेऊ. घरखर्च बेताचा. काय करावं?

ताई, मुलाला आठ दिवस थांबायला सांगा. सत्तावीस वर्षं मोटर वायंडिंग आणि कूलर दुरुस्तीच करतोय, त्या अनुभवावरून सांगतो: तुमच्या तीन तक्रारी म्हणजे तीन वेगळे बिघाड आहेत आणि तिन्ही मिळून एसीच्या एका हप्त्याएवढाही खर्च बहुधा येणार नाही.

पहिलं घूं. प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचाच. मग पाती हाताने फिरवून बघा. सोडल्यावर तीन-चार फेऱ्या आपणहून मारून थांबली तर बुश, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी, ठीक आहे आणि दोष कंडेन्सरचा आहे. मोटरच्या बाजूला अंगठ्याएवढी काळी किंवा पांढरी डबी असते, तोच कंडेन्सर. सुरुवातीचा धक्का तो देतो. वर्षं गेली की त्याची ताकद उतरते, म्हणून मोटर काडीने ढकलल्यावर फिरते आणि आपणहून उठत नाही. नवा शंभर रुपयांच्या आसपास मिळतो. दुकानात जुना घेऊन जा, त्यावर ४ किंवा ६ असा जो एमएफडीचा, म्हणजे क्षमतेचा, आकडा असेल तोच मागा. ‘मोठा टाका, जोरात फिरेल’ म्हणणारे मिस्त्री आहेत. त्यांच्यामुळे मोटर तापते आणि मग ती वायंडिंगला माझ्याकडे येते. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये थोडा करंट साठलेला राहू शकतो, तेव्हा उघड्या तारांना बोट लावू नका. हे काम इलेक्ट्रिशियनला दिलं तरी दहा मिनिटांचं आहे.

पाती हाताला जड लागली, दोन बोटांनी रेटावी लागली, तर बुश कोरडं पडलंय. पुढच्या-मागच्या बुशात शिलाई मशीनच्या तेलाचे चार-चार थेंब सोडा, पाती पंधरा-वीस वेळा हाताने फिरवा, तासभर राहू द्या. खोबरेल घालू नका. थंडीत ते गोठतं आणि धूळ धरून त्याचा लगदा होतो. मोटर उघडल्यावर त्याचा वास आला की घरात कोणी ‘दुरुस्ती’ केली होती ते लगेच कळतं.

आता वास. ही गोष्ट हलकी घेऊ नका. ओल्या गवताचा, शेवाळाचा वास येणं वेगळं. त्याला लोक मासळीचा वास म्हणतात, पण खरं तर तो डबक्याचा वास असतो. प्लास्टिकचं सॉकेट, बटण किंवा वायरचं कव्हर आतून तापायला लागलं तरी वास मासळीसारखाच येतो, आणि आसपास पाणी असल्याने कोणाला संशय येत नाही. ओळखायची रीत सोपी आहे. टाकी रिकामी आणि ताट्या (बाजूच्या गवत भरलेल्या जाळ्या) कोरड्या असताना पंप बंद ठेवून नुसता पंखा अर्धा तास चालवा. वास आला नाही तर दोष ताट्यांचा. आला तर बंद करा, प्लग काढा आणि त्याच्या पिना हाताला गरम लागतात का बघा. पिना काळवंडल्या असतील किंवा सॉकेटचं तोंड पिवळं पडलं असेल तर सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला, एकच बदलून उपयोग नाही. पंखा ढकलून चालवल्यानेही मोटर तापते, म्हणून आधी कंडेन्सर बदला आणि मग वासाची ही परीक्षा घ्या.

तिसरी तक्रार, खोली गार होत नाही ही, खरी अभ्यासाची.

गिऱ्हाइकाला मी नेहमी एकच सांगतो: कूलर गार हवा तयार करत नाही, तो पाणी वाळवतो. पाणी वाळताना हवेतली उष्णता घेऊन जातं, तेवढाच गारवा. एक लिटर पाणी वाळताना जवळपास २,४०० किलोज्यूल उष्णता खेचतं. जिथे पाणी वाळत नाही तिथे कूलर म्हणजे नुसता पंखा, वर ओल. म्हणून कूलर बिघडला की मी दोन वाटा तपासतो, पाण्याची आणि हवेची.

आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४४ अंश आणि हवेत आर्द्रता १५ टक्के असते. अशा वेळी थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून पंख्यासमोर धरलं तर तो २३ च्या आसपास उतरतो. कूलरची शेवटची हद्द ती. चांगला कूलर ४४ पासून २३ पर्यंतचं जवळजवळ तीन चतुर्थांश अंतर कापतो, म्हणजे तोंडाशी २८ ची हवा मिळते. हाच कूलर मुंबईला नेला, तर तिथे ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता. ओलं फडकं २८ च्या खाली जात नाही. म्हणून विदर्भातून मुंबईत बदलून गेलेली माणसं कूलर सोबत नेतात आणि वर्षभरात विकून टाकतात. त्यांचा कूलर बिघडलेला नसतो, तिथली हवा आधीच पाणी पिऊन बसलेली असते.

तुमचं अंग चिकचिकतं म्हणजे तुमच्या खोलीतही मुंबई तयार झालीय. बहुतेक वेळा याचं कारण समोरची खिडकी बंद असणं हे असतं. गारवा बाहेर जाईल म्हणून लोक दारं-खिडक्या घट्ट लावतात, फटीत फडकी कोंबतात. मग तीच ओली हवा फिरत राहते आणि तासाभरात भिंती दमट होतात. कूलर जेवढी हवा आत ढकलतो तेवढी दुसरीकडून बाहेर पडायला हवी. तपासायचं कसं, तर कूलर चालू करून समोरच्या खिडकीच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर झटकन बाहेर ओढला गेला पाहिजे. जागेवर घुटमळला तर खिडकी अजून चार बोटं उघडा. शेजारची खोलीही गार करायची असेल तर या खोलीची खिडकी लावा, मधलं दार उघडा आणि त्या खोलीची खिडकी उघडी ठेवा. हवा तिकडून जाईल.

दुसरं, कूलर खोलीच्या आत ठेवला असेल तर तो बाहेर काढा. ‘गॅलरीत ऊन लागतं म्हणून आत घेतला’ हे मी दर एप्रिलला ऐकतो. आत ठेवलेला कूलर खोलीतलीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओढतो. तोंड खिडकीत आणि तिन्ही ताट्या बाहेरच्या कोरड्या हवेत, असा तो बसला पाहिजे. ऊन लागत असेल तर वरून हिरवी जाळी बांधा, पण ताट्यांपासून हात-दीड हात लांब. ताटीला चिकटवलेली जाळी म्हणजे नाक दाबून पळायला लावणं.

आता ताट्या. तुमच्या बारा वर्षांच्या कूलरला लाकडी गवताच्या ताट्या असणार. कूलर लावून अर्धा तास झाला की बाहेर जाऊन ताट्यांकडे नीट बघा. बघतच राहा, दोन मिनिटं. सगळं गवत सारखं काळपट-ओलं दिसायला हवं. कुठे फिक्का, पिवळसर उभा पट्टा दिसतोय? तिथे पाणी पोचत नाही. वरच्या पन्हळीची किंवा पाइपची त्या जागेवरची भोकं खाराने बुजली आहेत. दाभण किंवा सायकलचा जुना स्पोक घाला, पांढरा खडूसारखा चुरा पडेल, पाणी सुटेल. आणि ताटीच्या अगदी वरच्या कडेला हात लावा. गवत भिजून खाली बसतं आणि वर तीन-चार बोटांची मोकळी फट राहते. हवेला वाट सोपी तिथेच मिळते, म्हणून ती ओल्या गवतातून जायचं सोडून त्या फटीतून थेट घुसते. एका ताटीत चार बोटांची फट असली तरी सगळ्या कूलरचा गारवा पातळ होतो. मूठभर गवत वर कोंबून सुतळीने जाळीला आडवे टाके घाला. या टाक्यांना वीस रुपयांची सुतळीही लागत नाही. निम्मे ‘थंड करत नाही’वाले कूलर मी एवढ्यावरच परत पाठवलेत.

गवत दर हंगामाला बदला, त्यात काटकसर नको. मागच्या वर्षीचं गवत आतून कुजलेलं असतं आणि वास त्याचाच. नवं भरताना दाबून भरू नका. उजेडाकडे धरल्यावर पलीकडचा उजेड ठिपक्या-ठिपक्यांनी दिसला पाहिजे. वाळ्याच्या ताट्या महाग पडतात, पण टिकतात जास्त आणि वासाचं तर काय सांगू. पहिलं पाणी पडलं की माझी आजी कूलरसमोर येऊन बसायची आणि कोणाला उठवू द्यायची नाही. हौस असेल तर तीनपैकी एक ताटी वाळ्याची करा, वास तेवढाच येतो. जाड पुठ्ठ्यासारखे हनीकोंब पॅड तीन-चार हंगाम जातात, पण बोअरच्या जड पाण्याने त्यांची भोकं खाराने भरतात. ते तारेच्या ब्रशने घासले की संपले. रात्रभर लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवून सकाळी साध्या धारेने धुवायचे.

खाराचं कारणही वाळण्यातच आहे. भर दुपारी मोठा कूलर तासाला १०-१५ लिटर पाणी सहज ओढतो. वाळतं ते निव्वळ पाणी, क्षार टाकीतच राहतात. तुम्ही वरून पाणी भरत राहिलात की आठवड्याभरात टाकीतलं पाणी जवळजवळ खारं होतं. ते पंपात, पाइपात आणि ताटीवर बसतं. म्हणून दर आठवड्याला टाकी पूर्ण सोडायची. पाण्याची ओढाताण आहे, नळ कधी येईल भरवसा नाही, हे मला कळतं. सोडलेलं पाणी संडासात किंवा अंगण धुवायला वापरा. कुंड्यांना घालू नका, झाडं करपतात.

टाकी सोडल्यावर आतल्या बाजू नारळाच्या शेंडीने घासा. नुसतं पाणी बदलणं पुरेसं नाही. डेंग्यूचा डास अंडी घालतो ती पाण्याच्या कडेला, पत्र्याला चिकटवून, आणि ती कोरडी पडली तरी महिनोन् महिने तग धरतात. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा एक ठरलेला वार हवा. आमच्याकडे तो शनिवार. टाकीत खार जमला म्हणून संडासाचं अ‍ॅसिड ओतणारे बहाद्दर आहेत. त्याने खार जातो हे खरं, पण पत्र्यावरचं जस्तही जातं आणि पुढच्या हंगामात टाकी चाळणी होते. त्यात आधीची ब्लीचिंग पावडर असेल तर विषारी वायू निघतो तो वेगळाच. तळाला बारीक गळती असेल तर टाकी कोरडी करून, घासून, बाहेरून एम-सील आणि आतून डांबरी काळा रंग. दोन दिवस वाळू द्या, मग पाणी भरा.

पंप बंद पडला तर लगेच नवा आणू नका. प्लग काढून पंपाची खालची जाळी उघडा, आतला पांढरा पंखा बोटाने फिरवा. आठ महिने पडून राहिलेल्या पंपात तो खाराने धरलेला असतो. लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर ठेवला की सुटतो. आणि टाकीत पाणी संपल्यावर पंप चालू ठेवू नका, तो पाण्यातच गार राहतो.

आता करंटचं सांगतो, आणि इथे मी काटकसर अजिबात चालू देणार नाही. पत्र्याची टाकी, आत पाणी, पाण्यात विजेवर चालणारा पंप आणि समोर ओल्या फरशीवर अनवाणी उभं माणूस. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने कोणी ना कोणी गेल्याची बातमी येते. माझ्या स्वतःच्या घरची गोष्ट आहे. धंद्याला लागून चार वर्षं झाली होती, स्वतःला मोठा मिस्त्री समजत होतो. थ्री-पिन प्लग खोलीतल्या जुन्या सॉकेटात बसेना, म्हणून वरची जाड पिन मी काढून टाकली. मे महिन्यात आई पाणी भरायला गेली, बादलीची कडी टाकीला टेकली आणि ती मागे फेकली गेली. पायात रबरी चप्पल होती म्हणून वाचली. ती जाड पिनच अर्थिंगची असते. त्या दिवसापासून बिनअर्थिंगच्या सॉकेटवर मी कूलर लावून देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

पाणी भरताना प्लग काढलेला हवा, प्रत्येक वेळी. पंपाच्या वायरला टाकीच्या आत जोड नको. असेल तर वायर अखंड बदला, टेप पाण्यात टिकत नाही. घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. करंट गळायला लागला की तो क्षणात लाइन तोडतो. एसीचा विचार करताय ना, त्यातले थोडे पैसे इथे घाला.

टाकीत बर्फ टाकण्याची फॅशन आहे, तिचा हिशोब बघा. पाच किलो बर्फ विरघळून गरम होईपर्यंत जेवढी उष्णता घेतो, तेवढी एक लिटर पाणी वाळतानाच जाते. म्हणजे बर्फाची मजा पाचेक मिनिटांची. तो बनवायला फ्रिजने तुमचीच वीज खाल्लेली असते आणि फ्रिजची उष्णता घरातच सुटलेली असते. बर्फ सरबतात घाला.

त्यापेक्षा स्लॅबकडे बघा. वरचा मजला असेल तर रात्री अकरापर्यंत छत तव्यासारखं उष्णता सोडतं. कळीचा चुना लोखंडी ड्रमात भिजवा. प्लास्टिकची बादली वितळेल, चुना उकळतो. लहान मुलांना आणि स्वतःच्या डोळ्यांना लांब ठेवा. दुसऱ्या दिवशी गाळून ताकाएवढा पातळ करा, थोडा डिंक घाला आणि संध्याकाळी गच्चीवर दोन हात मारा. पावसाळ्यात तो धुऊन जाईल, पण चार महिने पुरतो. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, २५ मेच्या सुमारास लागतो, तेव्हा चुना मार्चअखेर मारलेला बरा. आणि माठ हा तर बिनमोटरचा कूलर. त्याच्या बाहेरच्या अंगावर पांढरा थर दिसला की भोकं बुजली समजा. शेंडीने घासा, साबण लावू नका, आणि वाऱ्यात, सावलीत वाळूवर ठेवा.

रोज वापरतानाही थोडी वीज आणि पाणी वाचतं. संध्याकाळी आधी दहा मिनिटं नुसता पंप लावा, ताट्या पूर्ण भिजल्या की पंखा. नाहीतर पहिली गरम वाफ आणि धूळ तोंडावर येते. पहाटे तीननंतर पंप बंद करून पंखा कमी वेगावर ठेवा. ओल्या ताट्यांवर आणखी वीस मिनिटं निघतात, तोवर बाहेरचीच हवा बरी झालेली असते.

राहिला एसी. तुमच्या कूलरचा पंखा आणि पंप मिळून २०० वॉटच्या आसपास, म्हणजे दहा तासांना दोन युनिट. दीड टनाचा एसी चालू असताना दीड किलोवॉटच्या आसपास घेतो. मधे बंद-चालू होतो हे धरूनही दहा तासांना आठ-दहा युनिट जातात. गुणाकार तुमच्या बिलावरच्या दराने करा, दर माझ्यापेक्षा तुम्हाला नीट माहीत असणार. घरात दम्याचा रुग्ण असेल, खोलीला समोरासमोर खिडक्याच नसतील, किंवा पाणी विकत घ्यावं लागत असेल, तर एसीचा विचार जरूर करा. मी उगाच कूलरचा झेंडा घेऊन उभा नाही. पण ‘कूलर थंड करत नाही’ एवढंच कारण असेल तर आधी सुतळी आणि उदबत्ती आणा.

मृगाचा पाऊस पडला आणि चार दिवस अंग पुन्हा चिकचिकायला लागलं, की पंप बंद करून कूलर नुसता पंखा म्हणून वापरा. मग एका उघडिपीच्या दिवशी आवरा. गेल्या वर्षी तुम्ही तो ओलाच ताडपत्रीखाली ठेवला असणार, म्हणून हा सगळा खेळ झाला. ताट्यांतलं गवत काढून फेका, टाकी उन्हात खडखडीत वाळवा, बुशात तेल घाला, वरून झाका पण खालून हवा राहू द्या. पंप धुऊन, वाळवून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा आणि तो कुठे ठेवला ते कूलरच्याच पत्र्यावर खडूने लिहा. मार्चमध्ये माझ्या दुकानात जे नवे पंप विकले जातात, त्यातले निम्मे जुना सापडला नाही म्हणूनच जातात.